वाल्देमार हाफकिन : पटकीची लस, न टोचलेल्यांचा हिशोब आणि आजच्या गोळ्या

आपल्या सोलापूर जिल्ह्यात बऱ्याच जुन्या गावांच्या वेशीजवळ मरीआईचं देऊळ असतं. ते तिथेच का, हे वर्गात विचारून बघा. फार थोड्या मुलांना सांगता येईल. गावात पटकी आली की लोक मरीआईचा गाडा काढायचे आणि तो शिवेबाहेर नेऊन सोडायचे, म्हणजे रोग गावातून गेला. पटकी म्हणजे कॉलरा. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस, दुपारी तांदळाच्या धुवणासारखे जुलाब आणि उलट्या, आणि रात्रीपर्यंत घरात रडारड. औषध नाही, सलाईन नाही. गाड्यामागे जाणाऱ्या माणसांना हसायचं कारण नाही, त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतंच.

त्यातून आपल्याकडे पंढरपूर. आषाढीला लाखो माणसं येणार, चंद्रभागेतच अंघोळ, तिचंच पाणी प्यायला, वाळवंटातच मुक्काम आणि बाकीचे विधीही आसपासच. पटकीला याहून सोयीचं काय असणार? इंग्रज सरकारच्या लेखी वारकरी हेच रोगाचं कारण होते. त्यांना प्यायला स्वच्छ पाणी कोण देणार, हा प्रश्न मात्र मागे पडायचा. पुढे पटकीची लस आली आणि वारीला जायचं तर टोचून घ्यायचं, अशी सक्ती झाली. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्या सुईची आठवण विचारा.

ती लस ज्या माणसाने पहिल्यांदा भारतात आणली, त्याचं नाव आपण मुंबईच्या परळमधल्या संस्थेमुळे ओळखतो. हाफकिन. पण हाफकिन कोण होते, हे विचारलं तर आपल्यातले अर्धे शिक्षकही अडखळतील. म्हणून आज त्यांची गोष्ट.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा ते शहर रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. विद्यापीठात त्यांना मेच्निकोव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना कशा गिळतात हे दाखवणारे, पुढे नोबेल मिळवणारे ते मेच्निकोव्ह. हाफकिन प्राणिशास्त्र शिकले. म्हणजे ते वैद्यकीय डॉक्टर नव्हते, हे लक्षात ठेवा. भारतातल्या इंग्रज डॉक्टरांना ही गोष्ट फार खुपत असे.

ते दिवस ज्यूंसाठी वाईट होते. ज्यू वस्त्यांवर हल्ले व्हायचे. तरुण हाफकिन वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिले, जखमी झाले, तुरुंगातही जाऊन आले. मेच्निकोव्ह यांनी शब्द टाकला म्हणून सुटका झाली. विद्यापीठात पुढे जायचं तर धर्म बदलावा लागेल, असं सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला. शेवटी १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा आणि तिथून १८८९ मध्ये पॅरिस. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एकच जागा रिकामी होती, ग्रंथालयातल्या सहायकाची. त्यांनी ती घेतली. दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचं.

पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू रॉबर्ट कॉक यांनी १८८४ मध्ये कलकत्त्याच्या रुग्णांत आणि तिथल्या एका तलावात दाखवला होता. हाफकिन यांनी याच जंतूचे दोन प्रकार तयार केले. एक उष्णतेत आणि हवेच्या झोतात वाढवून दुबळा केलेला. दुसरा गिनीपिगच्या पोटातून पुन्हा पुन्हा नेऊन मुद्दाम जहाल केलेला. आधी दुबळा टोचायचा, काही दिवसांनी जहाल. पहिल्याने शरीर सावध होतं आणि दुसऱ्याने तयारी पक्की होते. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, दुखलं, पण ते ठणठणीत राहिले. नंतर त्यांच्या काही रशियन मित्रांनीही टोचून घेतलं.

एवढ्यावर कुणी लस सिद्ध झाली असं म्हणेल का? हाफकिन यांनीही म्हटलं नाही. जिथे पटकी खरोखर पसरते तिथेच तिची परीक्षा होणार होती. त्यांच्या मनात सयाम होता, आजचा थायलंड. पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते, त्यांनी भारताचं नाव सुचवलं. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. पहिल्या वर्षभरात उत्तर हिंदुस्थानात फिरून त्यांनी वीस हजारांहून जास्त लोकांना लस टोचली. सक्ती कुणावरही नव्हती. ज्याला हवी त्याला.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याच्या एका बस्तीत पटकीने दोघं गेले. बस्ती म्हणजे आपण झोपडपट्टी म्हणतो तसली वस्ती. सगळ्यांचं पाणी एकच, संडास धड नाहीत. तिथल्या सुमारे २०० लोकांपैकी ११६ जणांनी टोचून घेतलं. बाकीच्यांनी घेतलं नाही. हाफकिन यांनी दोन्ही गटांवर नजर ठेवली. पुढच्या दिवसांत वस्तीत पटकीचे आणखी रुग्ण निघाले, त्यातले बरेच दगावले. ते सगळे न टोचलेल्यांपैकी होते.

यात विशेष काय, असं वाटेल. विशेष आहे ते दुसऱ्या गटात. टोचलेले लोक बरे राहिले, एवढंच सांगितलं असतं तर काहीच सिद्ध झालं नसतं. कदाचित साथच ओसरली असेल. तेच पाणी, तीच गल्ली, तीच गरिबी आणि फरक फक्त सुईचा, असे दोन गट शेजारी शेजारी ठेवले तेव्हा लशीबद्दल बोलायला आधार मिळाला. पुढे आसामच्या चहामळ्यांतही ते असंच मोजत राहिले. वर्गात हे शिकवायचं असेल तर फळ्यावर दोन रकाने काढा, टोचलेले आणि न टोचलेले. मग दुसरा रकाना पुसून टाका आणि मुलांना विचारा, आता काय कळतंय? सातवीतली मुलंही सांगतील की काहीच कळत नाही. विज्ञानाच्या तासाला एवढी साधी आणि एवढी उपयोगी गोष्ट क्वचित मिळते.

मलेरियाने खंगून ते १८९५ मध्ये काही महिन्यांसाठी युरोपात गेले आणि परतले. १८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग सुरू झाला तेव्हा सरकारने त्यांना तिकडे बोलावलं. प्लेगची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे म्हणून आवरतं घेतो. ग्रँट मेडिकल कॉलेजमधली छोटीशी जागा, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई, आणि जेमतेम तीन महिन्यांत लस तयार. जंतू वाढवायला मांसाचा काढा लागतो. गाय किंवा डुकराचं मांस वापरलं तर इथे लस कोण घेणार? त्यांनी बोकडाचं मांस वापरलं. काढ्यावर तुपाचे थेंब सोडले की जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी भरपूर मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात, जे तयार झाले अशा कैद्यांवर परीक्षा. तिथेही न टोचलेल्यांचा रकाना होताच.

त्याच वर्षी पुण्यात काय चाललं होतं ते आठवा. रँडसाहेबाचे गोरे सैनिक घरांत घुसून झडत्या घेत होते, बायाबापड्यांची अब्रू राहत नव्हती. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी त्याचा शेवट केला. सरकार तेच आणि रोगही तोच. एकीकडे संगिनी आणि दुसरीकडे आधी स्वतःला टोचून दाखवणारा हा परदेशी माणूस. मुंबईत आगाखानांनी लोकांसमोर लस घेतली, प्रयोगशाळेला जागा दिली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था तिथेच आहे.

आणि मग मुल्कोवाल.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं एक गाव, आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. त्यातल्या १९ जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. काही दिवसांत त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे गेले. बाटली परळहून आलेली होती. चौकशी समिती नेमली गेली. समितीचा कल असा की बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी. हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक ॲसिड घालायची पद्धत सोडून नुसत्या उष्णतेने निर्जंतुक करायची पद्धत घेतली होती, यावरही बोट ठेवलं गेलं. खरं तर पाश्चर इन्स्टिट्यूटची हीच रीत होती. हाफकिन यांच्याकडून काम काढून घेतलं आणि ते इंग्लंडला गेले. वर्षानुवर्षं ते आपली बाजू मांडत राहिले.

कागदपत्रं नीट वाचल्यावर वेगळंच चित्र दिसलं. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो धड निर्जंतुक न करता, कार्बोलिकच्या पाण्यात नुसता हलवून त्याच चिमट्याने बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपण पाचवीच्या मुलांनाही सांगतो. शिवाय बाटली भरून महिना उलटला होता. इतके दिवस आत धनुर्वाताचे जंतू वाढत असते तर बाटली उघडताच घाण वास आला असता. तसा वास आला नव्हता. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर जंतुशास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हे सगळं जाहीरपणे मांडलं. त्यानंतर हाफकिन निर्दोष ठरले आणि त्यांना परत नेमलं गेलं. पण नेमणूक कलकत्त्याला, परळला नाही. जी प्रयोगशाळा त्यांनी उभी केली ती त्यांना परत मिळाली नाही.

१९ माणसं गेली, हे दुःख तर आहेच. पण या प्रकरणाने लशीवरचा लोकांचा विश्वास किती मागे गेला असेल, तो मोजायला कुठलाच रकाना नाही.

१९१५ च्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात परतले. लग्न केलं नव्हतं. धर्माकडे ओढ वाढली होती. साठवलेला पैसा त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू मुलांच्या धार्मिक शिक्षणासाठी ठेवला. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे त्यांचं निधन झालं. पाच वर्षं आधी, १९२५ मध्ये, परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं होतं. तेवढं तरी त्यांच्या हयातीत झालं. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

हाफकिन यांच्या जीवनकाळात पटकी किंवा टायफॉइड बरा करणारी गोळी नव्हती. त्यांच्यानंतर वीसेक वर्षांत ती आली. पेनिसिलिन, मग स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लीन. आपल्या पिंपरीतच १९५० च्या दशकात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. यांना आपण प्रतिजैविकं म्हणतो. टायफॉइडने घरटी माणूस जायचा, तो पंधरा दिवसांत उठून बसू लागला. साहजिकच लस, पाणी, संडास हे सगळं कटकटीचं वाटू लागलं. एक गोळी पुरते ना?

नाही पुरली. टांझानियात १९७७ च्या सुमाराला पटकीची साथ आली. सरकारने आजाऱ्यांना तर टेट्रासायक्लीन दिलंच, पण होऊ नये म्हणून धडधाकट माणसांनाही वाटलं. पाच महिन्यांत १,७८८ किलो. एवढ्या अवधीत तिथल्या पटकीच्या जंतूंपैकी ७६ टक्के त्या औषधाला दाद देईनासे झाले.

हे एवढ्या लवकर कसं होतं, असं मुलं विचारतातच. जंतूची एक पिढी वीस-तीस मिनिटांची. लाखो जंतूंत एखादा असा निघतो की ज्याच्यावर औषध चालत नाही. औषधाने बाकीचे मेले की त्याला रान मोकळं. आतड्यात याहून वाईट घडतं. १९५० च्या दशकात जपानमध्ये आमांशाचे असे जंतू सापडले की एकाच वेळी चार औषधांना जुमानत नव्हते. शोध घेतल्यावर कळलं की औषध पचवण्याची ही विद्या एक जंतू शेजारच्या जंतूला देऊ शकतो. जनुकांचं एक छोटं कडं असतं, प्लास्मिड, ते एकाकडून दुसऱ्याकडे जातं, अगदी जात वेगळी असली तरी. आपल्या आतड्यात राहणारे निरुपद्रवी जंतू नको असताना घेतलेल्या गोळ्यांनी शिकून तयार होतात आणि उद्या आलेल्या आमांशाच्या जंतूला तीच विद्या देतात. म्हणजे विनाकारण घेतलेली गोळी फुकट तर जातेच, पण ती आत शाळाही चालवते.

आता आपल्या घरी या. सोलापूर शहरात कित्येक वर्षं नळाला पाणी तीन-चार दिवसांआड येत आलं आहे. पिंप, बॅरल, घागरी भरून ठेवायच्या आणि चौथ्या दिवशी तळातलं पाणी मुलांच्या पोटात. नळ बंद असताना पाइपातला दाब गेलेला असतो, मग गळक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. उन्हाळा संपता संपता आणि पहिल्या पावसात वर्गात गैरहजेरी वाढते ती यामुळेही. मूल दोनदा परसाकडे गेलं की बाप नाक्यावरच्या मेडिकलमध्ये जातो आणि जुलाबाची गोळी मागतो. बऱ्याचदा ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल ही जोडगोळी मिळते. पट्टीच्या मागे तांबडी उभी रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, असा तिचा अर्थ. दोन दिवसांत मूल खेळू लागतं आणि गोळी गुणाची ठरते.

इथे हाफकिन यांचा दुसरा रकाना आठवा. गोळी न घेतलेली मुलं कुठे मोजली? लहान मुलांचे बरेचसे जुलाब रोटा आणि तसल्या विषाणूंचे असतात. त्यांच्यावर प्रतिजैविक चालतच नाही आणि ते काही दिवसांत आपोआप थांबतात. त्या दिवसांत मूल जातं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे सलाईन संपलं. त्यांनी साखर-मीठ मिसळलेलं पाणी पिंपांतून वाटलं आणि पटकीने मरणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या आत आलं. घरी ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लहान मुलांना सोबत १४ दिवस झिंकची गोळी, ती आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळते. शौचात रक्त दिसलं, मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा ताप हटेना, तर मात्र घरगुती उपचार करत बसू नका. लगेच डॉक्टरांकडे जा. रक्ती आमांश, टायफॉइड, जोराची पटकी यांना प्रतिजैविक लागतंच आणि डॉक्टरांनी सांगितलं तेवढे दिवस लागतं. त्या वेळी ते चालावं, यासाठीच एरवी घ्यायचं नाही.

वरून पाणी. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर पडते का, हे विचारायचा हक्क पालकांना आहे, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तर नक्कीच आहे. घरात पिण्याच्या पाण्याला झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं. मुलाने पेला बुडवला की अख्खी घागर गेली.

लशीची गोष्टही तिथेच थांबलेली नाही. हाफकिन यांच्या लशीचं संरक्षण फार टिकत नसे, त्रासही व्हायचा. पुढे मृत जंतूंची सुई आली, तीही तोकडीच. १९७३ मध्ये परदेश प्रवासासाठी पटकीच्या दाखल्याची अट काढून टाकण्यात आली. आता वारी ती सुई न टोचता चालते आणि रस्त्याने पाण्याचे टँकर, तपासण्या, फिरते दवाखाने असतात. पण टायफॉइडने नवी चिंता आणली आहे. २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात असा टायफॉइड पसरला की तोंडाने घ्यायच्या औषधांपैकी जवळपास अझिथ्रोमायसिन तेवढंच उरलं. औषधं संपत आली तसं जगाचं लक्ष पुन्हा लशीकडे वळलं.

टायफॉइडची नवी लस सरकारी यंत्रणेतून मुलांना देण्याचा जगातला पहिला उपक्रम आपल्या महाराष्ट्रातच झाला, २०१८ मध्ये, नवी मुंबई महापालिकेत. नऊ महिने ते १४ वर्षं वयाची मुलं. महापालिकेच्या २२ आरोग्य केंद्रांपैकी ११ केंद्रांच्या भागांत आधी लस दिली गेली, एक लाख तेरा हजारांहून जास्त मुलांना. उरलेल्या ११ भागांना नंतर द्यायचं ठरलं आणि तोवर दोन्हीकडचे टायफॉइडचे रुग्ण मोजले गेले.